खोली निजून बघणारी बाई

आमच्या हॉटेलच्या लॉबीत, लिफ्टशेजारी, एक पितळी पाटी आहे. तिच्यावर इंग्रजीत जे लिहिलंय त्याचा अर्थ असा, की इथली प्रत्येक खोली तुमच्या आधी आम्ही स्वतः अनुभवलेली असते. पाहुणे ती वाचतात, तिच्याजवळ उभे राहून सेल्फी काढतात. पाटीला बोटांचे डाग पडतात म्हणून ती रोज सकाळी पुसून घ्यावी लागते, आणि ती पुसली की नाही हे बघणं माझ्या कामात येतं. मी या हॉटेलचा मॅनेजर आहे. इथली प्रत्येक खोली जिने खरोखर आधी अनुभवली, त्या बाईला त्याच गुन्ह्यासाठी इथून काढलं. तेव्हा मी तिच्यापासून तीन फुटांवर खुर्चीत बसलो होतो.

तिचं नाव सुलभा परब. आम्ही सगळे तिला परबमावशी म्हणायचो.

तेव्हा हे हॉटेल नव्हतं, लॉज होता. अंधेरी पूर्वेला, मेन रोडवरून आत वळलं की तिसरी इमारत. बोर्ड आजपर्यंत तीनदा बदललाय, त्यामुळे नाव सांगण्यात अर्थ नाही. उतरायला येणारी माणसं साधी असायची. व्हिसाच्या इंटरव्ह्यूला आलेली पोरं, ऑपरेशनसाठी कोणाला तरी घेऊन आलेले नातेवाईक, परीक्षेला आलेल्या मुली आणि त्यांच्याबरोबर डबा घेऊन आलेल्या आया. मुंबईत झोपायला चार भिंती स्वस्तात मिळाल्या की देव पावला, एवढीच त्यांची अपेक्षा. मालक वीरेनशेठ घाटकोपरला राहायचे आणि दिवसाआड एक चक्कर मारायचे. बाकी सगळा लॉज परबमावशीच्या कमरेला लटकलेल्या किल्ल्यांवर चालायचा.

मावशी विक्रोळीच्या चाळीतून रोज बसने यायची. नवऱ्याचा कारखाना बंद पडला तेव्हा झाडू मारायला म्हणून लागली आणि बघता बघता खोल्यांची मुख्य झाली. उंची पाच फुटांच्या आतच, अंगावर मांस नाही, पण आवाज असा, की तिसऱ्या मजल्यावरून हाक मारली तर खालच्या रिक्षावाल्याने वळून बघावं. लिफ्ट आली तरी ती लिफ्टने कधी गेली नाही. "जिन्याने गेलं की भिंती दिसतात. त्या डब्यात काय दिसतं? आपलंच थोबाड." सुगंधी फवाऱ्यांवर तिचा भयंकर राग. खोलीत कोणी फवारा मारला की तिने नाक वाकडं केलंच. "वास मारला म्हणजे काय तरी लपवलंय. काय लपवलंस गो?" आणि खरंच काहीतरी लपवलेलं निघायचं.

मी रिसेप्शनवर लागलो त्या दिवशी तिने मला वर बोलावलं. मी तेवीस वर्षांचा, पार्ल्याच्या कॉलेजातून नुकताच पदवी घेऊन बाहेर पडलेला, पँटला कडक इस्त्री.

"खोली तू विकणार ना खाली बसून?"

"हो."

"बघितलीस का कधी खोली?"

"आता बघतोय ना."

"ह्याला बघणं नाय म्हणत. बूट काढ."

तिने गादीवरची चादर काढली, पिशवीतून स्वतःची एक जुनी सुती साडी काढली, धुवून धुवून मऊ झालेली, आणि ती गादीवर अंथरली. मग खोलीचं दार सताड उघडलं आणि खाली लाकडाची पाचर सरकवली.

"निज."

"मी?"

"मग काय मी तुला अंगाई म्हणू? निज."

निजलो. कॉरिडॉरमधून दोन मुली जात होत्या, त्या फिसकन हसल्या. मावशीने विचारलं, "काय दिसतं?"

"छत."

"छत सगळ्यांकाच दिसता रे मेल्या. नीट बघ."

नीट बघितलं. दिवा थेट डोळ्यात येत होता. पडद्याच्या दांडीमागे, जिथे उभ्या माणसाची नजर जात नाही तिथे, कोळ्याचं आख्खं घर होतं. टेबलाच्या खालच्या बाजूला कोणीतरी च्युइंगम चिकटवलं होतं. आणि दिव्याचं बटण होतं दाराजवळ, म्हणजे दिवा घालवला की अंधारात सहा पावलं चाचपडत पलंगापर्यंत यायचं, नडगी पलंगावर आपटायची आणि मुंबईला शिव्या घालत झोपायचं. हे सगळं मी तिला सांगितलं. ती पहिल्यांदा आणि माझ्या आठवणीत शेवटची माझ्यावर खूश झाली.

"खोली उभ्याने साफ होते," ती म्हणाली, "पण गिऱ्हाईक इथे उभं राहायला येतं काय? ते आडवं व्हायला येतं. घाण आडवं झाल्यावरच दिसते."

अशी ती रोज प्रत्येक रिकामी खोली निजून बघायची, फार तर पाच मिनिटं. तिच्या हाताखालच्या मुलींनाही निजायला लावायची. त्याचे तीन नियम होते. चादर घालण्याआधीच निजायचं आणि तेही आपली साडी अंथरून. डोळे मिटायचे नाहीत. आणि दार सताड उघडं पाहिजे. या तिसऱ्या नियमावर ती फार कडक होती. "बाईमाणूस आणि लॉजची खोली. बंद दाराआड काय झालं ते लोक आपल्या मनाने ठरवतात. उघड्या दाराला कोण काय बोलणार?" पलंगावर नुसतं बसलेलं मात्र तिला खपायचं नाही. एकदा एक नवी मुलगी दमून कडेवर टेकली तर मावशीने तिला सगळ्यांसमोर इतकं झाडलं की ती रडत घरी गेली ती आलीच नाही. "निजायला सांगितलं होतं, बसायला नाय," एवढंच मावशी म्हणाली. तिला त्याचं वाईट वाटलं असेलही. दाखवलं नाही. माणूस म्हणून ती काही मऊ नव्हती, हेही लिहायला हवं. मेल्यागेल्या माणसासारखं तिचं नुसतं कौतुक केलं तर तीच मला पहिली शिवी देईल.

लातूरकडचे एक निवृत्त गुरुजी बायकोच्या गुडघ्यांसाठी आले होते. मावशी पाण्याचा जग ठेवायला गेली तर बाई पलंगाच्या कडेवर बसलेल्या, पाय लोंबकळत, आणि उतरायला घाबरतायत. पलंग उंच होता. मावशी खाली आली, रिकाम्या खोलीतल्या पलंगावर एक पाय ताठ धरून तीनदा निजली आणि तीनदा उतरली. मग गल्लीच्या टोकाच्या सुताराला बोलावून तिने गुरुजींच्या पलंगाचे चारही पाय चार चार इंच कापून घेतले. कोणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी वीरेनशेठ आले ते ओरडतच.

"अरे परबबाई, पलंग कापला? मेरा पलंग?"

"तुमचाच. निजलात कधी त्याच्यावर?"

"मी कशाला निजू? मला घर आहे घाटकोपरला."

"तेच म्हणते मी."

शेठ चार दिवस तिच्याशी बोलले नाहीत. पण गुरुजींनी गावी जाऊन काय सांगितलं कोण जाणे, त्या वर्षी लातूरकडची माणसं दुसरीकडे कुठे उतरेनात. शेठनी गुपचूप सगळे पलंग कापून घेतले. हळूहळू बाकीचंही झालं. उशाशी बटण आलं. बाथरूममध्ये ओले कपडे वाळवायला दोरी, आंघोळीला बसायला स्टूल, दाराशी पिशवी अडकवायला हूक. आरसे दोन उंचीवर लागले, कारण मावशीला स्वतःला पहिल्या आरशात फक्त कपाळ दिसायचं.

मग अंधेरी बदलली. मेट्रो आली, जुने लॉज पाडून काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. शेठच्या मुलाने ठरवलं की आपण स्वस्तच राहायचं, पण देखणं व्हायचं. एक डिझायनरबाई आली. मुलगी हुशार होती, मेहनती होती, तिला मी दोष देत नाही. आठ दिवस ती वही घेऊन मावशीच्या मागे फिरली, तिच्याबरोबर खोल्यांमधून निजलीसुद्धा. मावशीने तिला पोटात काही न ठेवता सगळं सांगितलं. शिकवायला कोणीतरी मिळालं याचाच तिला आनंद.

हॉटेल झकास झालं, खोटं कशाला बोलू. ठेंगणे पलंग, उशाशी बटण, भिंतीला लाकडी खुंट्या, ओढून ताणायची आणि सोडली की आत जाणारी दोरी. एका मासिकात चार पानं फोटो आले. ठेंगण्या पलंगांना त्यांनी जपानी शैली म्हटलं होतं. गुरुजींच्या बायकोचे गुडघे जपानला जाऊन आले. उद्घाटनाच्या भाषणात डिझायनरबाई म्हणाली, की इथल्या स्टाफकडूनही मला बरंच शिकायला मिळालं. त्या वेळी स्टाफ तिसऱ्या मजल्यावर पाहुण्यांच्या उशांना अभ्रे घालत होता. मी ते मासिक मावशीला नेऊन दाखवलं. ती रागावेल, निदान उसासा टाकेल असं मला वाटलं होतं. तिने फोटो लांब धरला, जवळ धरला. "दिव्याची शेड दोन इंच वर राहिली," म्हणाली. "सांगितलं होतं मी तिला."

पुढे एका मोठ्या हॉटेल कंपनीने आम्हाला आपल्या नावाखाली घेतलं. आयत्या बिळात नागोबा. लॉबीतली ती पितळी पाटी त्यांचीच. त्यांच्याबरोबर त्यांचे नियमही आले, जाडजूड फाईलभर. आणि दर तीन महिन्यांनी एक तपासनीस यायचा, साध्या पाहुण्यासारखा उतरायचा, कोणाला पत्ता लागायचा नाही.

असा एक माणूस तिसऱ्या मजल्यावर उतरला होता. दुपारी एकला तो आपल्या खोलीतून बाहेर पडला, तर समोर तीनशे आठचं दार सताड उघडं आणि आत पलंगावर एक म्हातारी बाई आडवी पडलेली. त्याने दारातूनच फोटो काढला आणि पुढे गेला. फोटोत दाराखालची पाचर दिसत होती, अंथरलेली जुनी साडी दिसत होती, मावशीच्या पायांचे भेगाळलेले तळवे दिसत होते. चेहरा कपाटाच्या आड गेला होता.

चौकशी नाश्त्याच्या हॉलमध्ये झाली. कंपनीची एक बाई लॅपटॉप घेऊन आली होती, शेठचा मुलगा होता, रिसेप्शनचा मुख्य म्हणून मी होतो. मावशी उभीच. बस म्हटलं तरी बसली नाही.

"तुम्ही पाहुण्याच्या बेडवर झोपला होतात," कंपनीची बाई म्हणाली.

"झोपले नव्हते. खोली बघत होते."

"आडवं पडून?"

"आडवं पडूनच बघायची असते. ही पद्धत हाय इथली. पहिल्यापासून."

"अशी पद्धत कुठेही लिहिलेली नाही."

"लिहायला कशाला पायजे? ह्याला विचारा ना." मावशीने माझ्याकडे हात केला. तिला काडीचीही शंका नव्हती, मला अजून तो हात दिसतो. "ह्याला मीच शिकवलीय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. पंधरा दिवसांत मॅनेजरची जागा भरायची होती, आणि नावं दोनच होती, त्यातलं एक माझं. मी असं म्हणू शकलो असतो, की मॅडम, हे हॉटेल या पद्धतीतूनच झालंय, तुमच्या पाटीवर जे लिहिलंय ते ही बाई करत होती. साधं 'हो' म्हटलं असतं तरी पुरलं असतं.

"पूर्वी असेल तसं काहीतरी," मी म्हणालो. "मला नक्की कल्पना नाही."

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा मी. मावशीने माझ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाली. शिवी नाही, तळतळाट नाही. तिची एवढी मोठी आवाजाची दौलत, तिने ती माझ्यावर खर्चसुद्धा केली नाही.

कामाच्या वेळेत पाहुण्याच्या पलंगावर झोपलेली आढळली, असं कारण पत्रात आलं. मावशीने एकच मागणी केली. "काढा मला. पण झोपली असं लिहू नका. बावीस वर्षांत इथे माझा डोळा मिटला नाय." कंपनीची बाई म्हणाली, फोटो आहे. मावशी म्हणाली, "फोटोत पाय हायत. पायावरून कळतं काय डोळे उघडे की बंद?" कंपनीच्या बाईने लॅपटॉप मिटला. पत्रावर साक्षीदार म्हणून एक सही लागत होती, ती माझी आहे.

त्या पत्राने तिची वाट लागली. बोरिवलीच्या एका हॉटेलात ती गेली, तिथे त्यांनी पत्र वाचलं आणि तोंडावर हसले. शेवटी मुलुंडला अंथरुणाला खिळलेल्या एका आजींना सांभाळायला ती राहिली. हे मला हॉटेलात काम करणाऱ्या एका मुलीकडून कळलं. मी मॅनेजर झालो होतो. भेटायला जायला मला तोंड नव्हतं, आणि वेळ नाही असं मी स्वतःला सांगत होतो.

दोन वर्षांनी एका दुपारी, बाराच्या सुमाराला, मी केबिनमध्ये होतो. रिसेप्शनवरून आवाज आला आणि मी उभाच राहिलो. तो आवाज काचेतूनही येतो.

"बुकिंग हाय. भाचीने केलंय मोबाईलवरून. तीनशे आठ नंबर मागितलाय."

बाहेर आलो. मावशी काउंटरसमोर उभी होती. लग्नाला नेसावी तशी हिरवी साडी, केसांत अबोलीचा गजरा, हातात एक छोटी बॅग. आणखी वाळली होती. रिसेप्शनवरची मुलगी नवी, तिला काही माहीत नव्हतं. "मॅम, आधार कार्ड?" मावशीने दिलं. "मॅम, येण्याचं कारण? बिझनेस की टुरिझम?" मावशीने तिच्या हातातला फॉर्म आणि पेन घेतलं आणि त्या रकान्यात स्वतः लिहिलं, एकेक अक्षर लावून. झोपणे.

मग माझ्याकडे बघितलं, पाहुण्याने मॅनेजरकडे बघावं तसं. "बॅग कोण वर नेणार?"

मी नेली. ती जिन्याने चढली, भिंती बघत, मजल्यामजल्याला थांबून दम घेत. मी एक पायरी मागे. तीनशे आठमध्ये गेल्यावर तिने चपला काढल्या, बॅगेतून लाकडाची पाचर काढली आणि दाराखाली सरकवली. तीच जुनी पाचर, इतकी वर्षं घासून गुळगुळीत झालेली. मग ती पलंगावर आडवी झाली, पांढऱ्याशुभ्र चादरीवर, निऱ्या नीट सावरून.

"आज साडी नाय अंथरली. आज मी गिऱ्हाईक."

"मावशी, माझं चुकलं."

"ते मला ठाऊक हाय. तू फोटो काढ."

"कसला फोटो?"

"माझा. दारातून नको, हकडे डोक्याशी ये. आणि नीट काढ."

मी तिच्या उशाशी वाकलो. पहिल्या फोटोत नुसती उशीच आली. दुसऱ्यात ती आली, गजऱ्यासकट, माझ्याकडे रोखून बघणारी.

"डोळे उघडे दिसतात काय?"

"दिसतात."

"चांगले उघडे?"

"हो मावशी."

"मग ठेव तुझ्याजवळ. कोणाला पाठवायचा तर पाठव. मला काय नको."

मी तिथेच उभा राहिलो. तिने डोळे वर छताकडे नेले आणि नेहमीच्या, खेकसणाऱ्या आवाजात म्हणाली, "एसीच्या वरती ओल आलीय. केवढा पिवळा डाग पडलाय. उभ्याने दिसणार नाय तुम्हाला." मग मला जायला सांगितलं.

रात्रभराचं बुकिंग होतं, पण ती चारलाच खाली उतरली. चावी काउंटरवर ठेवली आणि लॉबीतून जाताना त्या पितळी पाटीपुढे थांबली. इंग्रजी तिला वाचता यायचं नाही. पाटीवर एक बोटाचा डाग होता, तो तिने पदराने पुसला आणि बाहेर पडली. काचेच्या दारातून मला ती रस्ता ओलांडताना दिसली, बसस्टॉपच्या दिशेने, ट्रकवाल्याला हात दाखवून थांबवत. धावत जाऊन तिला तो इंग्रजी मजकूर मराठीत वाचून दाखवावा असं मला वाटलं. मी गेलो नाही.

फोटो अजून माझ्या फोनमध्ये आहे. मी तो कंपनीला पाठवलेला नाही, कोणालाच पाठवलेला नाही. त्या संध्याकाळी मी तीनशे आठमध्ये गेलो. मावशीने पलंग असा करून ठेवला होता की कोणी आडवं झालं होतं हे सांगूनही खरं वाटलं नसतं. मी बूट काढले आणि निजलो. डाग तिने सांगितला तिथेच होता, केवढा तरी.

दाराची कडी मात्र मी आतून लावून घेतली होती.